खणाचा ब्लाउज आणि कॅमेरा टेस्ट

सोमवारी सकाळी अंधेरीतल्या स्टुडिओत माझी कॅमेरा टेस्ट सुरू झाली आणि तिसरी बातमी वाचत असताना थांबवण्यात आली. कारण होतं माझा ब्लाउज.

आमच्या वाहिनीचा मजकूर डेस्क बंद होणार, हे महिनाभर आधी सांगण्यात आलं होतं. त्या डेस्कवर मी बातम्या लिहायचे, वाचायचे दुसरे. आता जे कॅमेऱ्यासमोर वाचू शकतील त्यांना वेब बुलेटिनवर घेणार होते, बाकीच्यांना निरोप. माझी चाळिशी उलटली होती. डेस्कवरच्या कामाला बाहेर कुठेही जागा नव्हती.

तयारी मोबाइलवर केली. रोज दोनच ठिकाणी जायचे. एक, साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेचं पान. शाळेत नेसून जाते त्या साडीचा ती रोज एक फोटो टाकते आणि खाली दोन ओळी लिहिते. नवीन घेऊ नका, कपाट पुन्हा उघडा, हे तिचं सांगणं. दुसरा, एका समुपदेशक बाईंचा पॉडकास्ट. मुलुंडहून ऑफिसला जाताना तो कानात असायचा. भीती वाटली की घडलेलं काय आणि आपण जोडलेलं काय, हे वेगळं करा, असा त्यांचा आग्रह. बातमीच्या बाबतीत मी वर्षानुवर्षं हेच करत आले होते. स्वतःच्या बाबतीत कधी केलं नव्हतं.

टेस्टच्या दिवशी राखाडी सुती साडी नेसले आणि आईच्या जुन्या खणाचा ब्लाउज घातला. शिक्षिकेच्या पानावर ही जोडी होती. धाकटी बहीण दारात उभी राहून बघत होती.

"ताई, बातम्या वाचायला चाललीयस की हळदीकुंकवाला?"

"पानावर आहे हे."

"त्या बाई वर्गात उभ्या असतात गं. तुझ्या तोंडावर लाइट मारणारेत." मग म्हणाली, "झकास दिसतेयस पण. फक्त घाबरू नकोस, नाहीतर वाट लागेल."

स्टुडिओत पहिल्या दोन बातम्या नीट गेल्या. तिसरी विक्रोळीत फुटलेल्या जलवाहिनीची होती. दुसऱ्या वाक्यावर कॅमेरामनने हात वर केला.

"मॅडम, थांबा. ब्लाउज नाचतोय."

मॉनिटरवर खणाची बारीक नक्षी थरथरत होती. मी श्वास घेतला की बाहीवर मुंग्या धावल्यासारखं दिसत होतं. कॅमेऱ्यावर बारीक नक्षी अशी हलते, हे डेस्कवर सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. पण महिनाभर मी फोटो बघत होते, आणि फोटोत काही हलत नाही.

काचेपलीकडून संपादकांचा आवाज आला. "दुसरं काही आणलंयस?"

"नाही."

"उद्या स्टुडिओ मिळणार नाही. पाच मिनिटं देतो. जमव, नाहीतर पुढच्याला बोलावतो."

पुढचा, म्हणजे डेस्कवरचाच माझा सहकारी, मेकअप रूममध्ये बसला होता. त्याने कोट काढला. "हा घे ना यार."

"तुझ्या कोटात मी दोनदा मावेन."

"मग काय करणार?"

मी आरशासमोर बसले. ब्लाउज कॅमेऱ्यावर हलतो, हे घडलं होतं. टेस्ट थांबली, हेही. नोकरी गेली, हे मी जोडलेलं होतं.

खांद्यावरची पिन काढली, पदर मोकळा केला आणि मागून फिरवून दोन्ही खांद्यांवरून घेतला. कोपरांपर्यंत बाह्या झाकल्या गेल्या. गळ्याशी एक पिन लावली, दुसरी कमरेशी. शिक्षिकेच्या पानावर असा पदर एकदाही दिसला नव्हता. आमच्या पडद्यावरही नाही.

सहकारी बघत राहिला. "शाळेच्या मुख्याध्यापिका वाटतेयस."

"हलतंय का काही?"

"पदर नाही हलत. तू हलतेयस."

परत खुर्चीत बसले तेव्हा आवाज सांभाळणाऱ्याने नकारार्थी मान हलवली. ब्लाउजला लावलेल्या, आता पदराखाली गेलेल्या माइकमधून खरखर येत होती. त्याने माइक काढून पदराच्या काठावर लावला. काचेपलीकडे संपादक घड्याळ बघत होते.

"जलवाहिनीपासून घे," ते म्हणाले.

घेतलं. मॉनिटरकडे पाहिलं नाही. उरलेल्या बातम्या वाचून झाल्या तेव्हा संपादक फक्त "ठीक" म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं.

तीन दिवस काही कळलं नाही. घरी बहीण विचारायची, "ठीक म्हणजे काय गं? चांगलं ठीक की जा घरी ठीक?" मी म्हणायचे, ते ठीक एवढंच म्हणाले.

शुक्रवारी दुपारी संपादकांचा मेसेज आला. शनिवार-रविवारचं सकाळचं बुलेटिन मला दिलं होतं. आठवड्याचे इतर दिवस सहकाऱ्याकडे होते.

पहिलं बुलेटिन दुसऱ्याच दिवशी, शनिवारी झालं. ब्लाउज साधा, एकरंगी निळा होता. तरीही पदर दोन्ही खांद्यांवर होता.