सागरला घरी जागा होती का?

चिखलीतल्या त्या खोलीत मला बसायला दिलेल्या खुर्चीच्या पाठीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं होतं. टीपॉयवरचं कापड कोरं करकरीत. समोर पोहे, शेव, वर खोबरं. मुलगी बघायला आल्यासारखा माझा पाहुणचार चालला होता. मी आले होते चोरीच्या प्रकरणात.

मी परिविक्षा अधिकारी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलानं गुन्हा केला, की त्याचं घर, शाळा, संगत बघून बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा, हे माझं काम. मुलाला घरी पाठवायचं की निरीक्षणगृहात ठेवायचं, हे ठरवताना मंडळ तो अहवाल बघतं. या मुलाला आपण सागर म्हणू. दहावीतला. एका गॅरेजवरच्या मोठ्या पोरासोबत मोटारसायकली चोरताना सापडला होता आणि तेव्हापासून निरीक्षणगृहात होता.

वडील चाकणला कंपनीत, मूळचे परभणीकडचे. त्यांनी खास सुट्टी घेतली होती.

"आमाला काईच कमी न्हाई बगा, मॅडम. लेकराला सगळं हाय."

"मग चोरी का केली त्यानं?"

"संगत, दुसरं काय."

आई मान खाली घालून उभी होती. चांगलं घर दाखवलं की मॅडम चांगलं लिहितील आणि पोरगं सुटेल, असा दोघांचा साधा हिशोब. मला मात्र मनातून राग येत होता. एवढं सगळं असून पोरगा गाड्या चोरतो, म्हणजे त्याला निरीक्षणगृहच बरं, असं माझं जवळपास ठरलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक तरुण आत आला. डोळे तांबारलेले.

"मामी, दुपारपस्तोर भायेर बसा म्हनलात, पर न्हाई बसवत ओ. रातपाळी करून आलोय. उभ्या उभ्या झोप यायली."

भाचा मला बघून दारातच थबकला. त्याच्यामागे दुसरा भाचा उभा होता.

मी खुर्ची बाजूला घेतली. "झोपू द्या त्यांना. आपण बाहेर बोलू."

ओट्यावर बसल्यावर सगळं उलगडलं. भाचे दोन, दोघंही कायम रात्रपाळीला. दिवसभर त्या एकाच खोलीत अंधार करून झोपणार. सागरची शाळा सकाळची.

"शाळा सुटल्यावर तो जातो कुठं?" मी विचारलं.

"भायेरच असतो," आई म्हणाली. "घरात भांडं वाजलं तरी ह्यंची झोप मोडती. गॅरेजवाले बसू देत्यात त्याला."

"भाच्यांना दुसरी खोली का नाही बघत?"

वडील कसनुसं हसले. "असं कसं, मॅडम? मी आलो तवा गावच्या मानसानंच मला खोलीत घेतलं. आता बहिनीच्या लेकरांना भायेर काडलं तर गावात तोंड दावायला जागा राहील का?"

हा इथला अलिखित कायदाच आहे. आधी आलेल्यानं मागून येणाऱ्याला सामावून घ्यायचं. त्याच रीतीवर अर्धी चाकण एमआयडीसी उभी आहे. रीत चांगलीच, पण इथं तिची किंमत पोरगा मोजत होता.

"हे लिवू नका, मॅडम. लई बदनामी व्हईल."

"नाही लिहिलं तर मंडळ म्हणेल, घरात सगळं असून पोरगा चोर निघाला. मग तो तिकडेच राहील. बघा, काय ते तुम्ही ठरवा."

वडिलांनी शेवटी मान डोलावली, आणि मी सगळं लिहिलं. खुर्च्या भाड्याच्या होत्या, हे तेवढं गाळलं.

मंडळापुढं मॅजिस्ट्रेट मॅडमनी वडिलांना सरळ विचारलं, "याला घरी ठेवायला जागा आहे का?"

त्यांनी सागरकडे बघितलं.

"नव्हती, मॅडम. आता केली. भाच्यांना येगळी खोली बगून दिली. बहीन बोलंना झाली माज्याशी." मग हळूच म्हणाले, "बोलंल कवातरी."

सागर तेव्हा पहिल्यांदा रडला.

मंडळानं त्याला माझ्या देखरेखीखाली घरी सोडलं. त्याच्यावर अजून लक्ष ठेवावं लागतं. गणितात बोंब आहे, पण शाळा सुटली की तो घरी जातो.

पोरगं वाया गेलं, असं लोक चटकन म्हणून टाकतात. दुपारी ते पाठ टेकायचं कुठं, हे कुणी विचारत नाही. ते विचारायचा मला पगार मिळतो.