सगळं सांगणारे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ पिकअप घेऊन गॅरेजला आले की गाडी बंद करायचे नाहीत. इंजिन तसंच धडधडत ठेवून खाली उतरायचे, दार हलक्या हातानं लावायचे, कोपऱ्यातला जुना टायर पायानं सावलीत सरकवायचे आणि त्यावर बसायचे. दुपट्ट्यानं मान पुसून झाली की म्हणायचे, "सुरवातीपासून सांगतो."

मी तेव्हा कोणाच्या तरी ट्रॅक्टरखाली नाहीतर जीपखाली असायचो. तिथूनच ओरडायचो, "भाऊ, गाडी बंद करा आधी. आन काय होते तेवढं मुद्द्याचं सांगा."

"मुद्द्याचंच सांगून राह्यलो ना बे," असं म्हणून ते आदल्या पहाटेपासून सुरू करायचे.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मेहकरला जानेफळ रस्त्यावर माझं गॅरेज आहे. इतकी गिऱ्हाइकं आली आणि गेली, पण मला त्यांच्याइतकं कोणी छळलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही बोललेलो आहे. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या एका साडूबद्दल सांगायला सुरुवात केली, जो म्हणे माझ्यासारखाच तापट होता.

सुखदेवभाऊ जानेफळचे. थोडी शेती, तीही सगळी भाजीपाल्याची. जोडीला ही जुनी पिकअप. स्वतःची वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि गावातल्या चार घरांचा माल गाडीत घालून ते पहाटे खामगावच्या बाजाराला जायचे. गाडी त्यांच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. माझ्याकडे यायला लागली तोवर चार लाख किलोमीटरच्या वर चाललेली. तिचं सगळं अंग खडखडायचं, पण इंजिन गोड होतं, एवढं मी कबूल करतो.

एका वर्षी त्यांची एकच तक्रार होती. गाडी मधूनच चालू होत नाही. ही तक्रार ते अशी सांगायचे: "काल पाह्यटी निघालो. तुही वहिनी म्हणे, सांभार वरतं ठेवा, दबते. म्हटलं बरं. शिवाच्या वावरापाशी थांबलो, त्याचे टमाट्याचे कॅरेट भराचे होते. त्याचा पोरगा झोपेलच होता. त्याले उठोलं. कॅरेट भरले, दोरी बांधली, अन् सेल्फ मारला त हे मुकी. दहा-बारा सेल्फ मारले. मग उतरलो, बोनट उघडलं, तमाकू मळली, शिवासंगं थोडं बोललो. अर्ध्या घंट्यानं पहिल्या सेल्फले चालू. येतानी बी तसंच. घाट चढून आलो, चहा पेलो, का हिचं तोंड फिरेल."

"म्हणजे चहा पेला की गाडी रुसते," मी म्हणायचो. गॅरेजमधले सगळे हसायचे. सुखदेवभाऊ हसायचे नाहीत. "हाव, तसंच," ते म्हणायचे.

मी गाडी बंद करून लगेच चालू करायचो. अर्ध्या सेल्फला चालू. ठेवून जा म्हणायचो, संध्याकाळी थंड झाल्यावर बघायचो. तेव्हाही चालू. स्कॅनर लावला, त्यात एकही दोष दिसेना. तरी गिऱ्हाइकाला काहीतरी करून द्यावं लागतं, म्हणून बॅटरीच्या तारा बदलल्या, सेल्फ खोलून साफ केला, फिल्टर बदलला, महिन्याभरानं पुन्हा बदलला. ते टायरवर बसून बघत राहायचे.

"तुह्या डब्ब्याले काय मालूम," स्कॅनरकडे बोट करून ते म्हणायचे. "थो काय माह्यासंगं पाह्यटी येते काय?"

माझं डोकं उठायचं. पण त्यांचं नुकसान खरं होतं. लोकांच्या शेतात माल भरायला थांबलं की गाडी तिथंच अडायची. दोनदा ते बाजारात पोचले तेव्हा हर्रास, म्हणजे लिलाव, संपून गेला होता आणि पालकाच्या जुड्या तशाच माघारी आणाव्या लागल्या. चारपैकी दोन घरांनी माल दुसऱ्या गाडीत द्यायला सुरुवात केली. मग एक दिवस शिवानंही. त्या दिवशी सुखदेवभाऊ आले, टायरवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "उद्या तू माह्यासंगं चाल."

मी गेलो. खरं सांगायचं तर त्यांचं तोंड एकदाचं बंद करायला गेलो. गाडीत चार पारदर्शक बाटल्या आणि रबरी नळ्या टाकून घेतल्या. खामगावला माल उतरवला, परत निघालो, घाट चढलो. वाटभर ते बोलत होते, मी खिडकीबाहेर बघत होतो. घाट संपल्यावर त्यांच्या नेहमीच्या टपरीवर गाडी थांबवली, किल्ली काढली. चहा झाला. वर त्यांनी टपरीवाल्याला त्याच्या म्हशीची तब्येत विचारली. वीसेक मिनिटं गेली असतील. परत येऊन सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटेना.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी मी एकतर गरम असताना लगेच चालू करून बघितली होती, नाहीतर पार थंड झाल्यावर. मधली वीस मिनिटं मी कधी बघितलीच नव्हती. आणि हा माणूस तीन महिन्यांपासून मला ती वीस मिनिटंच सांगत होता, तमाकू आणि चहासकट.

इंजेक्टरचं काम डिझेल इंजिनात फवारण्याचं. तो झिजला की डिझेल आत जायच्या ऐवजी परतीच्या नळीतून मागं निसटतं. गाडी उभी राहिली की इंजिनाची धग आतल्या डिझेलला लागते, ते पातळ होतं आणि जास्तच निसटतं. मग दाब तयार होत नाही आणि इंजिन पेटत नाही. मी चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार बाटल्यांत सोडल्या आणि भाऊंना म्हटलं, मारा सेल्फ. तीन बाटल्यांचे जेमतेम तळ ओले झाले. तिसऱ्या नंबरची बाटली भराभर चढायला लागली.

सुखदेवभाऊ उतरून आले. बाटलीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्या तुले कवापासून सांगून राह्यलो."

"हाव, सांगून राह्यले," मी म्हटलं. राग मला माझाच आला होता, पण आवाज त्यांच्यावरच चढला.

तिसरा इंजेक्टर अकोल्याहून दुरुस्त करून आणला, बसवला. गाडी झकास चालली. शिवाचा माल परत आला. मला वाटलं, सुटलो. दोन महिन्यांनी सुखदेवभाऊ पुन्हा हजर, इंजिन धडधडत, टायर सावलीत. बाटल्या लावल्या तर या वेळी पहिला आणि तोच नवा केलेला तिसरा.

आता पाळी माझ्या नावाची होती. जानेफळमध्ये बोलणं झालं की संतोषनं, म्हणजे मी, गाडीत भंगार घातलं. तिथलं एक जुनं गिऱ्हाईक माझ्या दारावरून गाडी पुढच्या गॅरेजला घेऊन गेलं, माझ्याकडे न बघता. मी दोन्ही इंजेक्टर अकोल्याला पाठवले. तिथल्या कारागिराचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. म्हणाला, यात पाणी गेलंय, गंजही दिसतोय, तुम्ही किती वेळा दुरुस्त केले तरी हेच होणार.

मी गाडीचा फिल्टर काढला आणि काचेच्या बरणीत रिकामा केला. तळाशी दोन बोटं पाणी साचलं. त्यात लालसर कण. याच गाडीचे आधीचे दोन फिल्टर मी न बघता भंगारात फेकले होते.

"भाऊ, डिझेल कुठं भरता?"

"पंपावर."

"कोणत्या?"

मग त्यांनी पंप सांगितला, तिथला माणूस सांगितला, त्या माणसाचं लग्न कुठं जमलं तेही सांगितलं. त्याच पंपावरचं डिझेल भरणाऱ्या दहा गाड्या माझ्याकडे येतात. एकीलाही काही नाही. मी मोटरसायकल काढली आणि जानेफळला त्यांच्या घरी गेलो.

सुमनवहिनींनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्या विचार करून म्हणाल्या, "थे ड्रमातल्यानं त नसन होत?"

गोठ्यामागं एक लोखंडी ड्रम उभा होता. विहिरीवर डिझेल इंजिन होतं तेव्हापासूनचा. पहाटे निघायच्या वेळी पंप बंद असतो, म्हणून सुखदेवभाऊ ड्रममध्ये डिझेल साठवून ठेवायचे आणि बादलीनं गाडीत ओतायचे. ड्रमचं झाकण कधीच हरवलेलं. वर पोतं टाकलेलं. आत हात घातला तर बोटांना गंजाचे पापुद्रे लागले.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "भाऊ, तुम्ही मले शिवाचा पोरगा झोपला होता हे सांगतलं. ड्रमाचं काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं, डिझेल कुठं भरता. पंपावरच भरतो. ड्रमातलं बी पंपावरचंच हाय."

"आवो पण..."

"अन् तूच दर बारीले म्हणत होता, मुद्द्याचं बोला, मुद्द्याचं बोला," ते शांतपणे म्हणाले. "मले काय मालूम ड्रम मुद्द्याचा होता."

मी गोठ्याच्या ओट्यावर बसलो. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसायला गेल्या असणार. आठवडाभर ती गाडी माझ्याकडे होती. टाकी उतरवून धुतली, नळ्या बदलल्या, दोन्ही इंजेक्टर नीट करून बसवले. ड्रम भाऊंनी स्वतः आडवा करून त्याला भोक पाडलं, म्हणजे परत मोह नको. त्यानंतर इंजेक्टरसाठी ती गाडी माझ्याकडे आली नाही. इतर सगळ्यासाठी आली.

पुढं त्यांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना. गाडी विकायचं ठरलं. सुलतानपूरचा एक भाजीवाला शेतकरी मी बघून दिला. गाडी एक नंबर आहे, असं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो आला. सुखदेवभाऊंनी त्याला टायरवर बसवलं आणि तासभर गाडीचा एकेक दोष सांगितला, मला माहीत नसलेले तीन धरून. मी पाठीमागून डोळे वटारत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तो माणूस बिचारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, चांगलं काय हाय मंग हिच्यात?"

सुखदेवभाऊंना हे कोणी विचारलं नसावं. "दगाबाज नाई," ते म्हणाले. "बंद पडाच्या आधी सांगते. फक्त आपल्याले थांबून ऐका लागते."

त्यानं गाडी घेतली. ती रस्त्याला लागली तेव्हा भाऊ उठून उभे राहिले नाहीत. मी त्यांना मोटरसायकलवर स्टँडपर्यंत सोडायला निघालो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. मला ते नको झालं. स्टँड आलं, ते जपून उतरले, गुडघा सरळ केला आणि म्हणाले, "तुह्या मागच्या चाकात आवाज हाय."

"काही आवाज नाई भाऊ. म्या रोज चालोतो."

"बरं," म्हणून ते बसकडे गेले.

मी चिडूनच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक खोललं. बेअरिंग गेलं होतं. गाळ्यात दोन गिऱ्हाइकं उभी होती, एकाची जीप, एकाचा टेम्पो, दोघंही घाईत. मी हात पुसले आणि भाऊंना फोन लावला. म्हटलं, बेअरिंग होतं.

"हाव ना," ते म्हणाले. "म्या सांगतो तुले. तू काल गॅरेजातून निघाला, त्या वळणावर..."

मी फोन कानाला तसाच धरला आणि त्या दोघांना बसायची खूण केली.