आधीच भिणारे मास्तर

मैदानावर आमच्या मास्तरांना भीती वाटत नसे अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गोल्फ. बाकी सगळ्याला ते घाबरायचे. ऊन, वीज, साहेब लोकांची बिघडलेली पोटं, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचे ब्रेक. देहूरोडच्या पलीकडच्या एका गोल्फ मैदानावर ते कॅडीमास्तर होते, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींचे मुकादम. आडनाव मुलाणी, घराणं पिढ्यान्‌पिढ्या मावळातलं. पण त्यांना सगळे नुसतं मास्तरच म्हणायचे.

मी तेव्हा चाकणच्या एका कंपनीत ॲडमिनला नवीनच लागले होते. कंपनीची परदेशी गिऱ्हाइकं येणार होती. त्यांच्यासाठी गोल्फची टूर्नामेंट ठेवायचं ठरलं आणि ती माझ्या गळ्यात पडली. लातूरहून सांगवीला आलेल्या आमच्या घरात कुणी गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. टोप्या, टी-शर्ट, करंडक आणि जेवणाचा मेनू अशी फाइल घेऊन मी मास्तरांकडे गेले. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत पाहिली आणि विचारलं, "मॅडम, चौदाव्या होलला कुणी चक्कर यून पडला तर ॲम्ब्युलन्स कुठनं आत येणार?" चेंडू ज्यांत घालायचा त्या अठरा खळग्यांपैकी चौदावा कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं.

मास्तरांनी खिशातून एक जुनं स्कोअरकार्ड आणि बुटकी पेन्सिल काढली आणि कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'गाडीची वाट'. ही त्यांची भीतीची यादी. दर टूर्नामेंटला एक कार्ड. "भ्यायचं ते आधीच भिऊन घ्यायचं, मॅडम. ऐन वक्ताला सवड न्हाई मिळत." मग त्यांनी मला सगळं मैदान उलटं चालवलं, अठराव्या होलपासून पहिल्यापर्यंत. म्हणाले, "सुलटं चाललं की समदं बरंच दिसतं." चालताना त्यांचा हात मधूनमधून शर्टाच्या खिशातली एक चपटी डबी चाचपायचा. तंबाखू असणार, असं मी धरून चालले. महिनाभरात मलाही त्यांची लागण झाली. मी जेवता जेवता ताट बाजूला सारून यादीत भर घालू लागले. आई म्हणायची, "कसला हा खेळ, पोर निम्मी झाली."

टूर्नामेंटच्या आदल्या दुपारी सातव्या होलपाशी मास्तरांनी मला हातानेच थांबवलं. समोरच्या सावरीच्या फांदीला सकाळी काही नव्हतं. आता तिथे परातीएवढं काळं काहीतरी लटकत होतं आणि ते हलत होतं. आग्या मोहोळ. ते उठलं तर माणसाला धड पळूही देत नाही, हे मला गावाकडून ठाऊक होतं. मास्तरांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जाळून टाकू या," मी म्हणाले.

"जाळलं तर उरलेल्या उद्या पिसाळून फिरतील. छेडलं न्हाई तर त्या त्यांच्या कामात असत्यात." बोलताना त्यांचा आवाज कापत होता, पण पेन्सिल चालू होती. सातवं होल बंद. तिथले फटके सगळ्यांच्या कार्डावर सारखेच लिहायचे. सहाव्यावरून आठव्याला लांबच्या वाटेनं जायचं. पाहुण्यांना खरं काय ते सांगायचं. आवाज करायचा नाही, धूर करायचा नाही, वास लावायचा नाही.

आवाजाचं सगळ्यात अवघड होतं. अशा स्पर्धेत निरनिराळ्या होलवर उभे असलेले सगळे गट एकाच वेळी खेळ सुरू करतात आणि त्यासाठी भोंगा वाजवतात. मास्तरांनी सकाळी सगळ्या कॅडींची घड्याळं आपल्या घड्याळाशी जुळवून घेतली. साडेसात वाजले की ज्याने त्याने वर धरलेला रुमाल खाली आणायचा. आमच्या साहेबांनी स्वागताला पिंपरीहून ढोल-ताशा पथक बोलावलं होतं. त्यांना पोहे खायला घालून ढोलांसकट टेम्पोत बसवून ठेवलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "राव, न वाजवायची सुपारी पहिल्यांदाच घेतली." मी जवळून गेले तसं मास्तरांनी नाक वर केलं आणि मुकाट्यानं नळाकडे बोट दाखवलं. सवयीनं मी अत्तर लावून आले होते. मान आणि मनगटं लाल होईपर्यंत धुतली.

चुकून कुणी सातव्याकडे वळू नये म्हणून झाडापासून वीस पावलांवर कुणीतरी बसून राहायला हवं होतं. तिथे मास्तर स्वतः बसले. साडेनऊच्या सुमाराला आठव्यावरच्या एका पाहुण्याचा चेंडू भरकटला आणि सावरीच्या बुंध्यावर ठक्कन आदळला. मी शंभरेक पावलांवर होते. मोहोळावरून एक लाट सरकत गेली आणि गुणगुण चढली. पाहुणा चेंडू आणायला निघाला. मास्तरांनी बसल्या जागेवरून फक्त एक तळहात वर केला. पाहुणा थांबला, त्याचा कॅडी थांबला, मला तर श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती. मास्तरांचा दुसरा हात खिशातल्या डबीवर होता. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग गुणगुण हळूहळू उतरली. मास्तरांनी दुसरा चेंडू काढला आणि गवतावरून पाहुण्याच्या दिशेनं घरंगळत सोडून दिला.

टूर्नामेंट नीट पार पडली. कुणाला एक माशीही चावली नाही. टाळ्या वाजवायच्या नव्हत्या म्हणून करंडक देताना पाहुण्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. साहेब माझ्यावर खूश होते. मास्तर मात्र मागच्या पायरीवर बसले होते आणि बशीत चहा ओतता येईना इतके त्यांचे हात थरथरत होते. मला रागच आला.

"एवढी भीती वाटते तर दुसऱ्या कुणाला बसवायचं होतं ना, मास्तर."

"न भिणारा बसवला असता तर त्यानं तिथं विडी पेटवली असती, लेकी."

त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, मास्तर गेले. छातीत कळ आली आणि घरातल्या घरातच गेले. मी देहूरोडला भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, चाचींनी, रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि त्याच्यावर ती डबी. डबीत तंबाखू नव्हती. सुई आणि औषधाची बारकी बाटली होती.

"तरणं असताना माशा चावल्या व्हत्या त्यास्नी," चाची म्हणाल्या. "पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात चार दिस शुद्ध नव्हती. डाक्तर म्हणलं, परत एक जरी चावली तर वाचायचा भरवसा न्हाई. तवापासनं ही डबी खिशात."

मी त्या दिवसाचं कार्ड शोधून काढलं. गाडीची वाट. भोंगा. ढोल. मॅडमचं अत्तर. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, 'सातव्याला मी. मॅडमला डबीचं सांगू नये, भितील.'

मी चहाचा कप खाली ठेवला. सावरीखाली एक हात वर करून बसलेले मास्तर मला डोळ्यांपुढे दिसत होते, आणि दोन वर्षं उशिरा, त्या खोलीत, मी अशी काही भ्याले की चाचींनी बराच वेळ माझा हात धरून ठेवला.