पाणी न देण्याची नोकरी

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा माझ्या खिशात परतीची दोन तिकिटं होती आणि कानात आईचं वाक्य : "या वेळी ताईला घेतल्याशिवाय येऊ नकोस."

आईचे गुडघे आता पुण्यातल्या आमच्या घराचा जिना उतरू देत नाहीत आणि ताईला सौंसरजवळची संत्र्याची बाग सोडवत नाही. भाऊजी गेल्यापासून बाग ती एकटीच बघते. मायलेकींची कित्येक वर्षांत भेट नाही. मधे मी, हौशी निरोप्या.

पांढुर्ण्यात पाट्या हिंदीत आणि भांडणं मराठीत. बस स्टँडवर कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "आई! आई!" मी गर्रकन वळलो. तर बस आली होती. हिंदीत आई म्हणजे 'आली'. माणसं जागा पकडायला धावली आणि मी बॅग धरून तिथेच. एवढासा शब्द, पण तो ऐकल्यावर धावायचं नाही, थांबायचं, अशी माझ्या पायांना लहानपणापासूनची सवय.

बसमध्ये कंडक्टरला विचारलं, "सौंसर कधी?"

"आता है," तो म्हणाला.

'आता' म्हणतोय म्हणजे आलंच! मी लगबगीने दारात जाऊन उभा राहिलो. दोन-तीन गावं गेली, संत्र्याच्या बागा गेल्या, कापसाच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडं) गेल्या. शेवटी भाजीची टोपली मांडीवर घेतलेल्या एक बाई म्हणाल्या, "भाऊ, काऊन लटकून राहिले? थो हिंदीतला आता हाय. सौंसर येऊन राहिलं म्हणते, आलं नाई म्हणत. बसा इकडं."

मी बसलो. आपल्या 'आता'त धीर नाही, त्यांच्या 'आता'त अख्खा रस्ता आहे. ताईही फोनवर गेली तीन वर्षं आईला "येते, येते" म्हणतेय. ती नेमकी कुठल्या भाषेतलं म्हणते, हा प्रश्न मला तिथे पडला.

ताईने जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. वाढता वाढता म्हणाली, "नंदू, वरून सांबार टाकू का?" भरतावर सांबार! मी ताट मागे ओढलं. ताई हसून हसून बेजार. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात जन्मलेली माझी बहीण हा शब्द असा बोलली, जणू दुसरा कुठला तिला कधी माहीतच नव्हता. मला हसू आलं आणि मी ताट पुन्हा पुढे केलं.

हात धुताना मी तिकिटं काढली. ताईने मला बागेत नेलं. झाडांची पानं मलूल, काही पिवळी पडलेली, खाली पाचोळा.

"ताई, ही मरतायत! पाणी दे!"

"ताण देऊन राहिली मी त्यांना," ती म्हणाली.

पुण्यात ताण आला की आम्ही डॉक्टरकडे जातो. इथे तो झाडांना मुद्दाम देतात. थंडीत पाणी तोडायचं, झाड चांगलं तहानू द्यायचं आणि मग पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरतं. मधेच ओल मिळाली तर नुसती पालवी फुटते, फूल नाही. वर्ष गेलं.

"पण न द्यायला तू इथे कशाला हवीस?"

तिने बांधापलीकडे बोट दाखवलं. शेजारच्या देवरावांच्या गव्हाचं पाणी आमच्या बांधालगतच्या पाटाने जात होतं. "देवराव माणूस सोन्यासारखा, पण पाणी सोडून चहाले जाते. पाट फुटला की पाणी सरळ माझ्या झाडांत."

ती तिकिटांकडे पाहत राहिली. "आई कशी दिसते रे आता?"

मी एक हात छातीवर ठेवून, नाटकात राजा राज्य सोडतो तशा आवाजात जाहीर केलं, "तू जा. पाणी मी देणार नाही!"

ताईला दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गाडीत बसवलं आणि मी नोकरीवर रुजू झालो. काम एकच, काही न करणं. फावडं घेऊन बांधावर फेऱ्या. देवराव, नात्याने भाऊजींच्या भावासारखे, मला पाहिलं की हाक मारत, "काय साळेबुवा, बागेले नजर लावून राहिले का?"

"तुमच्या चहाला लावतोय," मी म्हणायचो.

एका दुपारी तेच झालं. गव्हात पाणी चालू, देवराव गायब, आणि उंदराच्या बिळातून पाटाला भगदाड. पाणी खळखळत बागेकडे निघालं. फावड्याने टाकलेली माती वाहून जाई. शेवटी अंगातलं नवंकोरं लोकरी जाकीट काढून भोकात कोंबलं आणि स्वतः त्यावर बसलो. पाठीमागून गार पाणी वर चढत होतं.

तेवढ्यात फोन. ताई.

"सगळं ठीक ना? आई म्हणते अजून राहा. मी काय करू? येऊ का परत?"

मागून आईचा आवाज येत होता, ताईला काहीतरी खायला बोलवणारा. असा आवाज मी घरात असताना मला बऱ्याच दिवसांत ऐकू आला नव्हता. ताईच्या जागी मी असतो तर, असं वाटून गेलं.

"राहा," मी म्हणालो. "इकडे सगळं कोरडं आहे."

देवराव धावत आले, मला चिखलात बसलेलं पाहून थबकले. "बाप्पा बाप्पा! साळेबुवा, उठू नका, मी पाटाचं तोंड बांधून येतो!" त्या दिवसापासून त्यांनी चहा बांधावर मागवायला सुरुवात केली. माझाही.

काही दिवसांनी ताई परत आली आणि स्टेशनावरून थेट बागेत गेली. पाचोळ्याखालची माती मुठीत चुरडली, भुगा वाऱ्यावर सोडला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अगदी आईसारखा. रडण्यापेक्षा मी जाकिटाची किंमत सांगत बसलो.

पुण्याला पोचलो. इतकी वर्षं आईच्या तोंडी ताईचं गाव म्हणजे 'तिकडे'. तिकडे फार ऊन, तिकडे मुलगी दिली हे चुकलं. मी दारात बूट काढत होतो, तर आतून तिने विचारलं,

"काय रे, आपल्याकडे बागेत पाणी सोडलं का?"