फायटर न्हवं ते

पीठ चिमटीत घ्यायचं, नाकाशी न्यायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "शी! काय ह्ये!" माझ्या गिरणीत दिवसभर माणसं येतात, पण पिठाला नावं ठेवून पुन्हा माझ्याकडेच दळायला येणारे हे एकच. शी तर त्यांची सगळ्यालाच. चहाला, डीजेला, वाढदिवसाच्या फ्लेक्सला. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, लांबून दिसला तरी लोक कपाळाला हात लावतात.

गल्लीत सगळे त्यांना नेव्हीकाका म्हणत. नौदलाच्या पंख्याच्या विमानात, मागच्या बाजूला, रडारच्या पडद्यासमोर त्यांची नोकरी झाली. पोरं विचारायची, "काका, किती विमानं पाडली?"

"एक बी न्हाय. आमचं काम बघायचं."

बघायचं म्हणजे काय, असं एकदा मीच विचारलं. दळण राहिलं बाजूला, सांडलेल्या पिठात बोटानं समुद्र काढून दाखवायला लागले. विमानाच्या पोटाखाली रडारचा गोल डेरा. पाणबुडीनं नुसती नळी पाण्यावर काढली तरी पडद्यावर ठिपका उमटायचा. मग आपल्या जहाजांना सावध करायचं, वेळ आलीच तर वरून बॉम्ब टाकायचे. वादळात हरवलेल्या कोळ्यांच्या होड्याही ह्यांनीच शोधायच्या.

"तासन्तास काय दिसायचं न्हाय बघा. न्हाय दिसलं की बरं वाटायचं," ते म्हणाले. मग पिठातला समुद्र तळहातानं पुसत, "एकदा आमच्यातलंच एक विमान परत आलं न्हाय. तिघं हुती आत. लई हुडकलं ओ. ठिपका सुदिक न्हाय." त्या दिवशी पिठाला नावं न ठेवताच गेले.

पुढे आमच्या चौकात मंडळानं तसलंच एक निवृत्त विमान आणून चौथऱ्यावर बसवलं. काका सकाळीच बघून आले आणि माझ्या दारात मटकन बसले. मी जाऊन पाहिलं. अख्ख्या विमानाला सोनेरी रंग फासलेला. पंखांखाली प्लायवूडची क्षेपणास्त्रं. पाटीवर 'लढाऊ विमान, शत्रूचा कर्दनकाळ', आणि भोवती मंडळाच्या लोकांचे फोटो विमानापेक्षा मोठे. मला तर ओकारीच आली.

काका मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. सोबत मीही गेले.

"फायटर न्हवं ते," काका म्हणाले. "ती खोटी रॉकेटं काढा. आन् एक ओळ लिवा, आसल्या इमानातनं तिघं गेली ती परत आली न्हाईत म्हणून."

अध्यक्ष तंबाखूचा मावा चघळत होता. "काका, शुभकार्यात मयताचं कशाला? त्यापेक्षा तुमचाच सत्कार करू की. फायटर पायलट म्हणून."

"मी पायलट न्हाय."

"आता कोण बघतंय ओ, काका!"

"बघायचंच काम केलं की आमी," काका म्हणाले आणि चालू लागले. मला त्या अध्यक्षाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. त्याच्या तोंडात आधीच भरपूर होतं म्हणून सोडलं.

सत्काराला काका गेले नाहीत. पण त्यानंतर रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन जायचे, डेऱ्यावरच्या पिचकाऱ्या पुसायचे. पुसून होतंय तोवर पोरं सेल्फीला पंखावर चढलेली. पाटी बदला, त्या तिघांचं लिवा, असं भेटेल त्याला सांगायचे. लोक हसायचे. त्या हसणाऱ्यांची मला किळस यायची, अजून येते.

ह्या हिवाळ्यात काका गेले. दोन-चार दिवसांनी मी चौकात गेले तर मंडळाचा फ्लेक्स लागलेला. काकांचा चेहरा कापून कुणा पायलटच्या अंगावर चिकटवलेला, मागे आग ओकणारी जेट विमानं. 'लढाऊ वैमानिक नेव्हीकाकांना भावपूर्ण श्रद्धांजली.' तेव्हा मयताचं नको होतं, आता काकांचं मयत मात्र चाललं. आणि त्या तिघांसाठी एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर एक ओळ नाही.

गाठी सोडायला गेले तर सुटेनात. पानपट्टीवाल्याकडं ब्लेड मागितलं.

"कशाला ओ, वयनी?"

"फ्लेक्स काढायचाय."

"आवो, मयताचा हाय त्यो. पाप लागंल की!"

"लागू दे," मी म्हटलं, आणि पहिली दोरी कापली.