उलट्या रिळाचा सूड

सूड घ्यायला निघालेला माणूस रोज दुसऱ्याच्या घरची लाकडं फोडून येतो, असं कुठं ऐकलंय का तुम्ही? आधी तो चहा प्या, लवकर. मग माझी फजिती ऐका, आणि हसायचं तर खुशाल हसा.

माझा थोरला भाऊ सोपान यंदा दिवाळीच्या तोंडावर गेला. सिन्नरहून येताना मोटारीच्या भोंग्यानं घोडा बुजला आणि कासमचाचाचा टांगा उलटला. चाचा वाचला, घोडा वाचला, दादा गेला. आईनं बोलणंच सोडलं. मी मात्र उठता-बसता एकच बोलायचो, "कासमला सोडणार नाही!"

त्यात पंधरा दिवसांनी गोदेच्या वाळवंटात सिनेमाचा तंबू लागला. मुका सिनेमा! मधे मधे पडद्यावर अक्षरं यायची, पण मी दुसरीतून पळालेला. अक्षरं आली की मी शेंगा सोलायचो. गोष्ट डोळ्यांनीच कळली. एक सरदार नायकाच्या भावाला मारतो. नायक सुडाची शपथ घेतो. मग तलवार फेकून देतो आणि त्या सरदाराला चक्क मिठी मारतो! त्याच्या पंगतीला जेवतो! आणि मग, ऐका हं, पुन्हा तलवार उपसून त्याच्याच वाड्याकडं घोडा फेकतो. खेळ खलास! लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाकं आपटली. मीही आपटली.

मी मोठ्यानंच म्हटलं, वा! याला म्हणतात डोकं. आधी गळ्यात पडायचं, घरात शिरायचं, मग घाव घालायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडीत कुऱ्हाड लपवून मी चाचाच्या दारात हजर.

"चाचा, झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही."

चाचानं घोंगडीकडं पाहिलं. कुऱ्हाडीचा दांडा वीतभर बाहेर!

"कुऱ्हाड आणली व्हय? लय बरं केलं बेटा. परसात बाभळीचं खोड पडलंय. माझा हात तर बघतोच हाय तू."

त्याचा उजवा हात अजून झोळीत होता. आता दोस्ती दाखवायची तर नाही कसं म्हणणार? फोडली लाकडं. चाचीनं भाकरी वाढली. म्हटलं, घाव उद्या.

उद्याही खोड होतंच. परवाही. मी रोज मारायला जायचो आणि रोज जेवून यायचो.

एक दिवस जेवता जेवता चाचा आपणहून म्हणाला, "नाम्या, लगाम सोपानच्या हातात होता. लय हौस त्याला. मीच दिला."

झाली की नाही पंचाईत? आता चूक कुणाची? सिनेमातला सरदार निदान मिशा पिळून हसायचा. हा माणूस डाव्या हातानं भाकरी मोडत रडत होता. मी ताटावरून उठलो आणि त्या खोडावर असे घाव घातले, असे घातले, की चाची ओरडली, "अरे, जळण कर! भुसा नको करू!"

तंबू उठायच्या आधी तोच खेळ पुन्हा लावला. या वेळी माझा शिकलेला दोस्त गणपत बरोबर होता. बघतो तर नायक आधी वाड्यावर चालून जातो आणि मिठी शेवटी मारतो!

"गण्या, आज उलटं दाखवतायत रे!"

"येड्या, उलटं त्या दिवशी होतं! मशीनवाल्यानं शेवटचं रीळ आधी चढवलं होतं, गावभर बोभाटा झाला. लोक बाकं कशाला आपटत होते मग?"

मला वाटलं होतं, खूश होऊन!

म्हणजे खरा नायक माफ करतो. आणि मी? मी इतके दिवस काय करत होतो, ते माझं मलाच सांगता येईना. सकाळी चाचासमोर बसून सगळं सांगून टाकलं. कुऱ्हाड, बेत, रीळ, सगळं.

चाचानं विडीची राख झटकली.

"ठावं हाय. त्या खेळाला तुझ्या मागंच बसलो होतो मी."

"मग रीळ उलटं होतं, हे पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"म्हटलं, आधी खोड तर संपू दे."

खोड संपलं हो. पण काल चाचानं दुसरं आणून टाकलंय. म्हणून तर चहा लवकर प्या म्हटलं, मला कुऱ्हाडीला धार लावायचीय.