सहाचा भोंगा आणि दाजींचा गोल

हिंदुस्थानात गिरणीमालकाचा पूर्ण पराभव आजवर एकदाच झाला आहे. तो सोलापुरात झाला, संध्याकाळी सहा वाजता झाला, आणि आमच्या दाजींनी तो एकट्याने, हाताची घडी घालून केला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव मोहोळकडचे, धंदा विणकराचा. मिलच्या हजेरीपटावर त्यांचे नाव घडी खात्यात होते, पण पाच वर्षांत त्यांनी एका धोतराची घडी घातली असेल तर शपथ. मिल त्यांना पगार देत होती तो फुटबॉलच्या सामन्यात गोल राखण्याचा. गोऱ्या मॅनेजरला कपाचे वेड होते. ज्या मिलमध्ये प्यायच्या पाण्याच्या नळाला तोटी नव्हती, त्या मिलने गोलासाठी खास मुंबईहून जाळे मागवले होते. यावर मी एक जळजळीत पत्रक काढले. दाजींनी ते शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, "पावणं, जाळ्याला कशापायी नावं ठिवताय? सूत चांगलं हाय की."

त्यांची निवड कशी झाली तेही ऐका. एके दिवशी माग खात्यात एका मागावरचा, आडवे सूत घेऊन उजवी-डावीकडे धावणारा धोटा निसटला. लोखंडी टोकाचा तो धोटा बंदुकीच्या गोळीसारखा निघाला तो पाहणीला आलेल्या मॅनेजरच्या कपाळाकडे. दाजी तेव्हा शेजारच्या मागावर तुटलेले सूत जोडत होते. त्यांनी मान वर न करता डावा हात लांब केला, धोटा धरला, ज्याचा होता त्याला दिला आणि पुन्हा सुताला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांचा माग दुसऱ्याला गेला आणि त्यांना मैदानावर दोन खांबांमध्ये उभे केले. तोवर त्यांनी फुटबॉल पाहिलाही नव्हता. "फुगल्याला धोटा हाय," त्यांनी अक्काला घरी येऊन सांगितले, "दुसरं काय न्हाय."

खेळाचे सगळे शास्त्र त्यांनी या एका वाक्यावर उभारले. धोटा एकदा उजवीकडून आला की पुढच्या वेळी डावीकडूनच येणार, हे विणकराला सांगावे लागत नाही. म्हणून उजवीकडचा चेंडू अडवला की दाजी शांतपणे डाव्या खांबाशी जाऊन उभे राहत, मग चेंडू मैदानात कुठेही असो. उजवा अर्धा गोल सताड उघडा. आता कुणीही म्हणेल की असा माणूस दर सामन्यात दहा गोल खाईल. पण झाले भलतेच. समोरच्या संघांना ही पद्धत कळली आणि तेही पाळ्या मोजू लागले. आत्ता उजव्याची की डाव्याची, हे पायात चेंडू असताना आठवता आठवता भलेभले खेळाडू चेंडू आभाळात मारत. एकदा तर समोरच्या एकाने थांबून सरळ दाजींनाच विचारले. दाजी खोटे बोलणारे नव्हते, "डाव्याची," म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही, म्हणजे हा उजवीकडे झेपावणार असे धरून त्याने डावीकडेच मारला आणि दाजींनी तो झेलला.

गोल झाला तर ते कपाळाला हात लावत नसत. पाठ फिरवून आधी जाळे तपासत. एखादी गाठ सुटलेली दिसली की तिथेच उकिडवे बसून विणकराची बारीक गाठ मारत. पुण्याच्या एका संघाने अशा वेळी त्यांच्या पाठीमागून दुसरा गोल घातला. कप्तान अंगावर धावून आला, तर दाजींनी त्यालाच समजावले, "तुटकं सूत तसंच ठिवून फुडचा धोटा टाकत्यात व्हय?"

मला हे सगळे मनापासून खटकत असे. मी तेव्हा कामगारांच्या सभांतून बोलत होतो, पत्रके लिहीत होतो आणि जे वाटेल ते तोंडावर सांगत होतो. एकदा जेवताना मी म्हणालो, "दाजी, मालकाने तुमचे माकड केले आहे." अक्काने मला वाढायला घेतलेली भाकरी परत टोपलीत ठेवली. दाजींना मात्र राग आला नाही. "माकड न्हाय, मी कामगार हाय," ते म्हणाले. "माझा माग जरा रुंद हाय, एवढंच." मी म्हटले, कामगार असाल तर कामगारांची शिस्त पाळा, आणि खिशातले नवे पत्रक त्यांच्या पुढ्यात टाकले. त्या काळात मिलवाले भोंगा झाल्यावरही लोकांना यंत्रे पुसायला थांबवून घेत. मी लिहिले होते: 'भोंगा झाला की हात थांबला पाहिजे. त्यानंतर जो हात हलवील तो आपल्या भावाच्या पोटावर पाय देईल.' दाजींनी शब्दांवरून बोट फिरवत ते दोनदा वाचले. दुसऱ्या दिवशी मिलचीच खळ लावून त्यांनी ते गोलाच्या उजव्या खांबाला आतल्या बाजूने चिकटवले. मला वाटले, प्रचार चालला आहे. मी खूश झालो.

त्या वर्षी शेवटचा सामना रेल्वेवाल्यांशी होता. मॅनेजरने दाजींना बोलावून सांगितले होते की कप राहिला तर तुम्ही राहाल, कप गेला तर दुसऱ्या दिवसापासून फाटकात यायचे नाही. हातचा माग आधीच गेलेला, मिलच्या चाळीतली खोलीही नोकरीबरोबरच जाणार. अक्का त्या दिवशी सकाळपासून जेवली नव्हती. बरोबरी झाली तरी गेल्या वर्षीचा विजेता म्हणून कप मिलकडेच राहणार होता, तेव्हा सगळा भार दाजींवर होता. सामना सहाच्या पुष्कळ आधी संपायचा, पण मॅनेजर भाषणाला उठला. कामगाराच्या आयुष्यात वेळेचे महत्त्व, या विषयावर तो तास खाऊन बसला. याच माणसाच्या मिलमध्ये पाच मिनिटे उशीर झाला की तोंडावर फाटक बंद होते, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

सामना अर्थातच उशिरा सुरू झाला. दाजींनी एकही गोल होऊ दिला नव्हता आणि आमच्याकडूनही झाला नव्हता. शेवटची मिनिटे उरली. नुकताच त्यांनी डावीकडचा एक चेंडू अडवला होता आणि ठरल्याप्रमाणे उजव्या खांबाशी येऊन उभे होते. रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या एका फायरमनने लांबून चेंडू मारला. मरतुकडा चेंडू, आणि येत होता बरोबर उजवीकडे. तेवढ्यात मिलचा सहाचा भोंगा झाला. दाजींनी एक पाऊल मागे घेतले आणि हाताची घडी घातली. चेंडूने दोन टप्पे घेतले आणि पाहुणा उंबरठा ओलांडतो तसा तो सावकाश आत गेला. मी कुठल्या तोंडाने सांगू, पण त्या क्षणी "दाजी, धरा, धरा" म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो तो मी. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि खांबावरच्या कागदाकडे बोट केले.

दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, आठवड्यात खोली गेली. मी संतापून पत्रक लिहायला बसलो. दाजी बोचकी बांधता बांधता म्हणाले, "लिवा की. पण त्यात एक घाला. चेंडू दिसला हुता मला. उजव्याचीच पाळी हुती. हात बी निघाला हुता."

"मग?"

"मग तुमचं वाचल्यालं आटवलं."

ते पत्रक मी पुरे केले नाही. निषेध नेमका कुणाचा करायचा, ते ठरेना.

आता ते एका पत्र्याच्या खोलीत हातमाग चालवतात. तिथे भोंगा नाही, उजेड असेपर्यंत काम. मी संध्याकाळी कधी जातो तेव्हा अक्का चहा ठेवते आणि आम्ही इकडचे तिकडचे बोलतो. मग लांबून मिलचा भोंगा ऐकू येतो. दाजींचा माग थांबतो. ते कुणाकडे बघत नाहीत. त्यांचा उजवा हात मागाची दोरी सोडतो, हळूच खाली उजवीकडे जातो, बोटे उघडतात आणि मिटतात. मग ते पुन्हा विणायला लागतात. भोंग्यानंतर हात हलवू नये, हे मी त्यांना त्या सामन्यानंतर एकदाही सांगितलेले नाही. आणि इथे तो चेंडूही त्यांनी आजवर एकदाही सोडलेला नाही.